पायगोंडा आण्णांनी टाकलेला खडा

पायगोंडा आण्णांचा स्वतःच्या चपलेवरही विश्वास नव्हता. जैन बस्तीत देवाच्या दर्शनाला गेले की एक चप्पल दाराच्या उजव्या अंगाला काढायचे आणि दुसरी डाव्या अंगाला. जोडी एका जागी दिसली नाही की चोराचा मोह निम्मा होतो, असं त्यांचं म्हणणं. बायको राजमती म्हणायची, "आवं, तुमच्या त्या झिजलेल्या चपला कोण नेणार हाय?" त्यावर आण्णांना बायकोचाच संशय यायचा, की ही चोरांची बाजू का घेते.

एवढा संशय माणसाच्या अंगात उगीच मुरत नाही. आण्णांनी उभा जन्म सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत काढला होता. शेतकऱ्याने माल आणून टाकायचा, व्यापाऱ्याने तो घ्यायचा आणि मधे आण्णांनी दोघांची गाठ घालून आपली अडत घ्यायची. पूर्वी हे सौदे रुमालाखाली व्हायचे. दोघांचे हात रुमालात, भाव बोटांवर आणि तोंडावर मात्र काही दिसू द्यायचं नाही. आण्णा कधीकधी मुद्दाम एखादं बोट चुकीचं दाबायचे, समोरचा जागा आहे की झोपेत आहे ते बघायला. जागा असला तर तो हात झटकायचा, मग आण्णा हसून खरा भाव सांगायचे. याला ते लबाडी म्हणत नसत, खडा टाकून बघणं म्हणत.

पण एक नेम त्यांनी कधी मोडला नाही. हळकुंड स्वतःच्या हाताने मोडून त्याचा 'कट्ट' आवाज कानाने ऐकल्याशिवाय मालाबद्दल चांगला शब्द काढायचा नाही. म्हणून तर पार माणदेशातली किरकोळ गिऱ्हाइकंसुद्धा वर्षाच्या हळदीसाठी आण्णांच्या, म्हणजे चौगुल्यांच्या, पेढीवर यायची आणि पोतं न उघडता माल घेऊन जायची. आण्णांना या गोष्टीचा फार अभिमान होता, आणि तो बरोबरच होता.

अशा माणसाच्या घरात नातसून म्हणून आली ब्राह्मी. नातू आर्जव मिरजेच्या कारखान्यात नोकरीला जायचा, आणि ही सकाळचं आवरलं की माडीवर लॅपटॉप उघडून बसायची. आण्णांनी काही दिवस नुसतं निरखलं. हरवलेला चष्मा शोधायच्या निमित्ताने ते माडीवर जायचे, आणि चष्मा त्यांच्याच नाकावर असायचा. शेवटी एकदा त्यांनी विचारलंच.

"काय करतीस गं दिवसभर हितं?"

"लेख लिहिते, आज्जा. माझी वेबसाइट हाय. मसाले कसे करायचे, दळायला कुठलं मशीन घ्यावं, कुठलं घेऊ नये, असं लिहिते. लोक मोबाइलवर शोधत येतात आणि वाचतात."

"वाचून त्यांचं पोट भरतं. तुला काय मिळतं?"

"लेखाखाली लिंक असती. तिच्यावरनं कुणी मशीन घेतलं तर मला त्यात कमिशन मिळतं."

"म्हंजे अडत."

"व्हय आज्जा, अडतच," ब्राह्मी हसून म्हणाली.

दुसरा कुणी म्हातारा असता तर खूश झाला असता, की चला, घराचा धंदा सूनबाईने पुढे चालवला. आण्णांची मात्र जेवणावरची वासना उडाली. अडत खाणाऱ्याची जीभ काय काय करू शकते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? यार्डात निदान माल डोळ्यासमोर असतो, घेणारा त्यात हात घालून बघतो. इथे माल दिसत नाही, घेणारा दिसत नाही, विकणाराही दिसत नाही. दिसते ती फक्त मधे बसून गोड लिहिणारी त्यांची नातसून. यात एक ना एक दिवस कुणीतरी फसणार आणि चौगुल्यांचं नाव मातीत जाणार, हे आण्णांनी मनाशी पक्कं करून टाकलं.

पुढे त्यांना कळलं की ब्राह्मी दुसऱ्यांच्या वेबसाइटवरही लेख देते आणि खाली आपल्या वेबसाइटचं नाव टाकते.

"दुसऱ्याच्या दारात आपली पाटी लावून येती ही," ते राजमतीला दबक्या आवाजात म्हणाले. "आणि तो घरवाला लावून देतो!"

"त्याला लेख फुकट मिळतो की. मलाच सांगितलं तिनं."

"फुकट काय मिळत न्हाई, राजमती. फुकटाच्या खाली काय तरी असतंय."

तिच्या प्रत्येक लेखाच्या वर एक ओळ असायची: इथल्या लिंकवरून खरेदी केलीत तर मला कमिशन मिळेल. ती वाचून एखाद्याचा संशय फिटला असता. आण्णांचा वाढला. आपणहून एवढं कबूल करणारा माणूस आत केवढं लपवत असेल, असं त्यांना वाटलं. ब्राह्मी गुणाची आहे असं राजमतीने सांगून बघितलं, तर म्हणाले, मला गुणाच्याच माणसांची भीती वाटते.

मग एका दुपारी ब्राह्मी लाल रंगाचं एक छोटं दळायचं मशीन घेऊन त्यांच्यापुढे आली. त्यावर लेख लिहावा म्हणून ते तिला पाठवलेलं होतं.

"आज्जा, यात मी मिरची दळली, धने दळले. चांगले बारीक होतात. हळद दळंल का हो? त्यातलं तुमाला कळतं, म्हणून तुमाला इचारूनच लिहीन म्हटलं."

आण्णांनी मशीनकडे एक नजर टाकली. ती मोटर बघूनच त्यांना कळलं, की अख्ख्या हळकुंडापुढे हिचा टिकाव लागायचा नाही. वाळलेली हळद आधी कुटून फोडावी लागते, आणि फोडली तरी हे मशीन रडत रडतच दळणार. त्यांच्या तोंडावर 'न्हाई' आलंही होतं. पण त्याच वेळी त्यांच्या आतला जुना अडत्या जागा झाला आणि रुमालाखालचं बोट वळवळलं.

"दळंल की," आण्णा म्हणाले. "झकास दळंल. अख्खीच घाल."

त्यांचा हिशेब सरळ होता. पोरगी सावध असली तर मूठभर हळद घालून बघेल, आपलं खोटं पकडेल आणि आपण हसून पाठ थोपटू. कमिशनला भुललेली असली तर तसंच लिहून मोकळी होईल. मग आपण म्हणत होतो ते खरं ठरेल.

ब्राह्मीने हळद घालून बघितली नाही. चार दिवसांत लेख आला. पेढीच्या दारात उभ्या असलेल्या आण्णांचा फोटो त्यात होता आणि खाली लिहिलं होतं: "सांगलीच्या हळदीत ज्यांचं आयुष्य गेलं ते आमचे आज्जा, पायगोंडा चौगुले, सांगतात की यात अख्खी हळद झकास दळते."

आण्णांना मनातून गुदगुल्या झाल्या. सापडली! आता पर्युषणात सगळं घर जमेल, लेकी-जावई येतील, तेव्हा सगळ्यांसमोर मशीनमध्ये हळद घालायची आणि म्हणायचं, बघा तुमच्या गुणाच्या सुनेचं खरं रूप. तो लेख तोवर गावोगाव वाचला जाईल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. यार्डात खडा टाकला तर तो समोरच्या एकट्याच्याच अंगावर पडतो. आण्णांना तेवढंच माहीत होतं.

पर्युषण लागायच्या आधीच एका सकाळी दारात राहीबाई येऊन उभी राहिली. ही माणमधली, दहिवडीजवळच्या एका वस्तीवरची बाई. नवरा मुंबईला कामाला, आणि ही घरी शेरडं राखून आठवडी बाजारात चटणी-मसाला विकायची. तिची हळद वर्षानुवर्षं आण्णांच्याच पेढीवरून जायची. एसटीने आलेली होती आणि काखेत एक पोतं होतं. ब्राह्मीने तिला पाणी दिलं. राहीबाईने पाणी पिऊन पोत्यातून लाल मशीन बाहेर काढलं. त्याला जळका वास येत होता.

"आण्णा, हे बगा काय झालं. लिव्हलं व्हतं तशीच अख्खी हळद घातली. घर्र घर्र केलं, धूर निगाला आन् गप पडलं."

ब्राह्मीचा चेहरा उतरला. "मावशी, तुमी कुठं वाचलं हे?"

"माझ्या सूनंनं मोबाइलवर दावलं. म्या म्हटलं, मशीन इकणाऱ्याचं काय खरं धरायचं! मग ह्यांचा फोटू दिसला. म्हटलं, आण्णा बोलत्यात म्हंजे मोडून बगितलं असंल. दोन शेरडं इकली आन् घेतलं."

हाच तो क्षण होता. आण्णा ज्याची वाट बघत होते तो चालून दारात आला होता. 'बघ, माल न बघता लिहिलंस' एवढंच म्हणायचं होतं. पण राहीबाई ब्राह्मीकडे बघतच नव्हती. ती आण्णांच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता, नुसती विचारणा होती.

ब्राह्मीच पुढे झाली. "मावशी, चूक माझी हाय. मी आज्जांना नीट इचारलं नसंल. त्यांना दुसरंच मशीन वाटलं असंल. तुमचं मी भरून देते, आणि तो लेख आत्ता बदलते."

आण्णांनी तिच्याकडे चमकून बघितलं. तिला सगळं आठवत होतं. मशीन त्यांच्या पुढ्यात होतं, प्रश्न सरळ होता, उत्तर सरळ होतं. तरी ती त्यांना झाकत होती. गिऱ्हाइकासमोर घरच्या म्हाताऱ्याची लाज राखत होती. ज्या पोरीला पकडायला त्यांनी जाळं लावलं होतं, ती आपल्या पदराखाली त्यांनाच घेत होती. आण्णांना आयुष्यात एवढी शरम कधी वाटली नव्हती.

"न्हाई," ते म्हणाले. "हिची चूक न्हाई. मला म्हाईत व्हतं."

"काय म्हाईत व्हतं?" राजमती आतून बाहेर आली.

"हळदीनं हे मशीन जळंल, हे. हिनं मला चांगलं इचारलं. मी मुद्दाम उलटं सांगितलं. ही तपासती का तसंच लिहिती, बगायचं व्हतं मला."

राजमतीने पदर तोंडाला लावला. राहीबाई जळक्या मशीनवरून हात फिरवत हळूच म्हणाली, "आवं आण्णा, तुमचं आन् सुनंचं काय आसंल ते आसंल. मी कुठं व्हते हो त्यात?"

आण्णांनी हात जोडले आणि ते जोडलेलेच राहिले.

मग ब्राह्मी बोलली. आवाज चढवला नाही. "मी तपासलं न्हाई, आज्जा, हे खरं हाय. मिरची तपासली, धने तपासले. हळद न्हाई तपासली. हळदीचं तुमी सांगितलं म्हटल्यावर आणि काय तपासायचं, असं वाटलं मला."

त्या दिवशी आण्णा स्वतः राहीबाईसाठी पेढीवरची हळद घेऊन गिरणीत गेले, समोर उभं राहून दळून आणली. तिला दणकट मोटरीचं मशीनही घेऊन दिलं आणि एसटीत बसवून आले. राहीबाई नीट बोलली, नीट गेली. फक्त निघताना तिने दळलेल्या हळदीची पिशवी उघडली, चिमूटभर पूड बोटांवर चोळून बघितली आणि मग पिशवी बांधली. चौगुल्यांच्या पेढीचा माल तिने उघडून बघितला, असं आजवर झालं नव्हतं.

लेख ब्राह्मीने त्याच दुपारी बदलला. "आज्जांनी दिलेली माहिती चुकीची निघाली आणि मी ती तपासली नव्हती," असं तिने लिहिलं. आण्णांनी ते वाचायला मागितलं आणि म्हणाले, "चुकीची न्हवं. खोटी म्हण. आणि माझा फोटो ठेव." ब्राह्मीने शब्द बदलला.

पर्युषण झालं, एकमेकांची क्षमा मागायचा क्षमावाणीचा दिवस आला. घरातले सगळे एकमेकांपुढे हात जोडत होते. आण्णा माडीचा जिना चढून नातसुनेपुढे उभे राहिले आणि "उत्तम क्षमा" म्हणाले. ब्राह्मीने वाकून नमस्कार केला. "उत्तम क्षमा, आज्जा. माझ्या मनात आता काय न्हाई," ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं. माणूस खरं बोलतो आहे का, एवढं आण्णांना नक्की कळायचं.

त्यांना फार हलकं वाटलं. पुढच्याच आठवड्यात ब्राह्मी चांगली हळद कशी ओळखावी यावर लिहायला बसली आहे असं कळलं, तेव्हा ते न बोलावता वर गेले. पेढीवरच्या सगळ्यांत चांगल्या पोत्यातलं एक हळकुंड त्यांनी तळहातावर ठेवून तिच्यापुढे धरलं.

"हे बग. यंदाचा माल हाय. चांगला शिजलेला, खणखणीत वाळलेला. बिनधास्त लिही."

"व्हय, आज्जा," ब्राह्मी म्हणाली. तिचा आवाज पूर्वीसारखाच गोड होता.

मग तिने लॅपटॉपवरचे हात काढले. आण्णांच्या तळहातावरचं हळकुंड उचललं, कानाजवळ नेलं आणि दोन्ही हातांनी मोडलं. कट्ट असा आवाज आला. मोडलेला भाग तिने उजेडात धरला, आतला रंग बघितला, वास घेतला. मगच ती लिहायला लागली.

माल चांगला होता. आण्णांनी तिला जे शिकवायचं ठरवलं होतं ते ती पुरतं शिकली होती. मोडलेलं हळकुंड मुठीत घेऊन ते जिना उतरले, आणि खाली राजमतीने काय झालं म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी मूठ उघडून ते तिला दाखवलं.