रफाराशिवायचं नाव

माझ्या थोरल्या लेकीचं नाव मी इथं लिहिणार नाही. ते तिचं आहे, आणि आजवर इतक्या शहाण्यांनी ते दुरुस्त करून दिलंय, की आणखी कुणाच्या हाती पेन्सिल द्यायची माझी तयारी नाही. एवढंच सांगते, की ते पालीतलं आहे. संस्कृतात ज्या अक्षराच्या डोक्यावर रफार बसतो, पालीत तिथला रफार जातो आणि अक्षरच दुहेरी होतं. धर्माचा धम्म होतो, तसं. साठच्या दशकात त्या एका रफारापायी माझं माहेर पणाला लागलं होतं.

माहेर सातारचं, सोवळ्याओवळ्याचं. ह्यांचं घर तासगावकडच्या एका गावाबाहेरच्या वस्तीतलं, छप्पननंतर बौद्ध झालेलं. आम्ही दोघंही सांगलीत मास्तरकी करायचो. हे हायस्कुलात गणित शिकवत, मी पहिलीची पोरं सांभाळत असे. कचेरीत सह्या करून लग्न केलं आणि पेढे घेऊन दोघं सातारला गेलो. बाबा दारातच उभे राहिले. म्हणाले, "पेढे पायरीवर ठेव आणि जा." मी पेढे पायरीवर ठेवले नाहीत. पिशवीत घातले आणि परतीच्या एसटीत कराड येईपर्यंत आम्ही दोघांनी मिळून सगळा पुडा संपवला. रडू येत होतं, पण पेढे चांगले होते.

त्यानंतर सातारचं दार बंदच झालं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते सांगलीला झालं. सासूबाई गावाहून ओवा, बाळंतशेपा आणि जुन्या लुगड्यांच्या मऊ दुपट्यांचं गाठोडं घेऊन आल्या. पोरीला न्हाऊमाखू घालणं, मला शेक देणं, सगळं त्यांनीच केलं.

नावही त्यांनीच सुचवलं. वस्तीतल्या विहारात संध्याकाळी वंदना होई, तिथं त्यांच्या कानावर पडलेला तो शब्द. मी म्हटलं, छान आहे. त्या म्हणाल्या, "माजं नाव पाटलाच्या घरच्यांनी ठिवलं. माज्या आयच्या मनात चांगलं व्हतं. ते म्हनले, असलं नाव तुमास्नी कशाला? आन् ठिवलं काय, तर झाडलोटीत निघतं ते." एवढं बोलून त्या दुपटं घडी करायला लागल्या.

मी पाटी घेतली आणि नाव दोन्ही तऱ्हांनी लिहिलं. वर रफाराचं, खाली रफाराशिवायचं. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती.

"आमी म्हनतो तसं ह्यातलं कंचं?"

मी खालचं दाखवलं.

"मग दुसरं पुसून टाक."

हे हसले. "उद्या लोक म्हणतील, मास्तरीणबाईंनाच शुद्धलेखन येत नाही."

"म्हणोत," मी म्हटलं. "धम्म म्हणजे चुकलेला धर्म नव्हे." वरचं नाव मी पदरानं पुसून टाकलं. नाव काय ठरलं ते सातारला एका कार्डानं कळवलं, उत्तराची आशा न ठेवता.

बारसं आम्ही सव्वा महिना झाल्यावर करणार होतो. त्याच्या आधी आई आली. एकटीच. सोबत झबली-टोपडी आणि डिंकाचे लाडू. लाडू स्टीलच्या नव्याकोऱ्या डब्यात होते. स्टीलचं तेव्हा केवढं अप्रूप! आमच्याकडे कुठलंही भांडं नाव घातल्याशिवाय वापरात काढत नसत. शेजारी काही दिलं-घेतलं तर भांडं बिनचूक घरी परत यावं म्हणून. ह्या डब्यावर मात्र नाव नव्हतं. "बाळाचं घालायचं म्हणून कोरा ठेवलाय," आई म्हणाली.

सासूबाईंनी चहा दिला. आईनं कप हातात घेतला, तोंडाला लावला नाही. एसटीतली गर्दी, सांगलीचं ऊन, असं बराच वेळ चाललं. ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही आणि दुसऱ्याचं बघवत नाही. मी म्हटलं, "आई, कशाला आलीस ते सांग."

मग तिनं सांगितलं. बारसं सातारला करायचं. बाबा तयार होते. पेठेतल्या चार बायका बोलवायच्या, जावई आले तरी चालतील. फक्त नाव शुद्ध लिहायचं. "तेच नाव गं. अर्थही तोच. वर एक रफार दिलास, की कुणी विचारणार नाही, हे कुठलं नाव म्हणून."

मला सगळं कळलं. रफार दिला की पोर पेठेतली दिसणार होती. हे नुसते गणिताचे मास्तर उरणार होते. आणि शेगडीपाशी ओवा भाजत बसलेली ती बाई आमची कुणीच लागणार नव्हती. तिला बोलवायचं आईच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं.

तरी खरं सांगते. मला ते दार हवं होतं. आईच्या हातचा मऊ भात हवा होता, माझ्या लेकीला त्या घरात रांगताना बघायचं होतं. बाबांचा राग यायचा, पण त्यांची आठवणही तेवढीच यायची.

तेवढ्यात शेगडीपाशी बसूनच सासूबाई म्हणाल्या, "जा पोरी. एका अक्षरासाटनं म्हायार तोडू नगंस. माज्या तोंडात हाय तसंच ऱ्हाईल. त्येला कोन काय करतंय?"

त्या भांडल्या असत्या, तर कदाचित मी नमले असते. पण जिच्या आईच्या मनातलं नाव दुसऱ्यांनी हाणून पाडलं, तीच आता नातीच्या नावावरचा हक्क सोडत होती, आणि तोही माझ्यासाठी. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी लाडू पातेल्यात ओतले, डबा काखेत मारला आणि आईला म्हटलं, "चल. नाव घालून आणू." सासूबाईंनी माझ्या कानाला फडकं बांधलं, तेव्हाच बाहेर सोडलं.

गणपती पेठेत एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा बसायचा, छिन्नी आणि बारकी हातोडी घेऊन. "काय घालू?" त्यानं विचारलं. आईनं घाईघाईनं सांगून टाकलं, रफारासकट. मी म्हटलं, "थांबा." आणि त्याच्याच पेन्सिलीनं एका कागदाच्या कपट्यावर ठसठशीत अक्षर काढून दिलं.

त्यानं वाचलं, माझ्याकडं बघितलं. "आवं बाई, हितं रफार पायजे. मागनं लोक मलाच हसत्याल."

"मी शाळेत शिकवते. हसले तर माझ्याकडे धाडा."

"एकदा घातलं की पुसायचं न्हाई बरं का."

"म्हणूनच आलेय," मी म्हटलं.

हातोडी चालू झाली. आई दुकानाकडे पाठ करून रस्त्यावरची हळदीची पोती बघत उभी राहिली. वाटेत म्हणाली, "हा डबा मी आता कुठल्या तोंडानं सातारला नेऊ?"

"नको नेऊस. पण नेलास तर असाच. मीसुद्धा येईन तर अशीच, ह्यांना आणि ह्यांच्या आईला घेऊन. नाहीतर माझं माहेर नाही असं समजेन."

ती भराभर पुढे चालायला लागली. मीही शब्द मागे घेतला नाही.

आई निघाली तेव्हा सासूबाईंनी डब्यात शेंगदाण्याचे लाडू भरले. "रिकामं भांडं म्हायारला धाडू नये. घ्या, ईनबाई." आईनं डब्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं. एसटीची वेळ झाली होती. तिनं डबा घेतला आणि पिशवीत तळाशी घातला.

बारसं सांगलीतच झालं. वंदना झाली, नाव जसं होतं तसं उच्चारलं गेलं, वस्तीवरून आलेल्या बायकांनी लेकीला झबल्यांनी झाकून टाकलं. सातारहून कुणी आलं नाही. त्या रात्री मी उशी ओली केली, हे लपवण्यात काही अर्थ नाही. नाव मात्र बदललं नाही.

दिवाळीत आई पुन्हा आली, न कळवता. तोच डबा घेऊन, चकल्या-करंज्यांनी भरलेला. लेकीला मांडीवर घेतलं आणि पहिल्यांदाच तिला नावानं हाक मारली, मधलं अक्षर चांगलं दाबून. आम्ही तिघंही बघत राहिलो. मग ती सांगायला लागली.

इतके महिने डबा तिनं मागच्या फळीवर, मोठ्या पातेल्यांच्या आड ठेवला होता. दिवाळीचा फराळ शेजारी द्यायला तोच काढला.

"दुसरे डबे नव्हते?" मी विचारलं.

"होते की. मुद्दाम काढला."

शेजारीण डबा परत द्यायला आली, तेव्हा बाबा पडवीत वर्तमानपत्र वाचत होते. तिनं डब्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि हसून म्हणाली, "अहो, ह्या नाव घालणाऱ्यानं रफार खाल्ला वाटतं!" बाबा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "हो, चुकलंय त्याचं."

"मग मी म्हटलं," आई म्हणाली, "चुकलेलं नाही. माझ्या नातीचं नाव आहे ते. तसंच आहे. तिच्या आजीनं ठेवलंय."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. हे खिडकीकडे वळले. मी विचारलं, "मग बाबा?"

"उठून आत गेले. रात्री जेवले नाहीत."

"आणि तू?"

"मी जेवले," आई म्हणाली. "दोनदा भात घेतला."