एअरबॅगचा दिवा अन् रेखाचा डबा

आता कोणत्या तोंडानं सांगू तुमाले! पण चहा तुमी पाजून राह्यले, तं सांगाच लागते. हसजा, पण गावभर करू नका. गावाले तसंही माहीत हाय.

माहा सभाव तुमाले ठाऊकच हाय. चांदूर बाजारच्या शिवारात कोबी, मेथी, झेंडू लावतो अन् स्वतःच्या पिकअपनं अमरावतीच्या बाजारात नेतो. मेकॅनिककडं जाणं मले कमीपणाचं वाटते. पंप बिघडला? मी खोलतो. मिक्सर बंद पडला? मी खोलतो. मंग तो चालू होते का, हे नका इचारू! आमची शोभा, म्हणजे माही बायको, म्हणते, "तुमच्या हातात पान्हा दिसला का मी नव्या वस्तूचे पैसे बाजूले काढतो."

तं एका रविवारी म्या पिकअप काढली दुरुस्तीले. हॉर्नचा आवाज बसला होता, म्हून स्टिअरिंगवरचं झाकण खोललं. ड्रायवरची सीट करकर करे, म्हून तिचे बोल्ट काढून सीटच बाहेर आंगणात ठेवली. ग्रीस लावलं, पुसलं, वापस बसवली. दोन स्क्रू उरले. कंपनीनं जास्तीचे देले असतीन!

आता खरी गोष्ट सांगतो. सीट करकर करे हे खरं, पण म्या ते काढली दुसऱ्याच कामासाठी.

मले खर्ऱ्याचा नाद. सुपारी, तंबाखू, चुना घोटून पन्नीत बांधून देते ना पानठेल्यावर, तोच. मांगच्या साली शोभानं मले गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात नेलं अन् तिथं हात जोडून बोलाले लावलं, "आजपासून बंद." म्या बोललो. पंधरा दिवस पाळलंबी! सोळाव्या दिवशी जीभ घसरली. मंग पन्न्या लपवा कुठं? घरात तिची नजर, शेतात तिची नजर. सीटखाली मात्र कोणाचा बाप पाहत नाई. म्हून इतके दिवस मांगं ताडपत्रीखाली दडवलेल्या एका स्टीलच्या डब्यात पन्न्या भरल्या अन् त्या रविवारी डबा सीटखाली दाबून बसवला. मस्त!

पण तो डबा कोणता, हे आयका. शोभाची लहान बहीण रेखा अकोल्याले राह्यते. दिवाळीत शोभानं तिले त्या डब्यात शंकरपाळे धाडले होते. रेखानं डबा इमानदारीनं वापस देला. कोणाच्या हाती? माह्या! अन् म्या तो घरी देलाच नाई, गाडीतच राहू देला. इकडं शोभा म्हणे, "डबा ठेवून घेतला तिनं." तिकडं रेखा म्हणे, "म्या देला." कोणाच्या हाती, हे बोलाच्या आंगोदरच फोन आपटले. झालं! दोघी बहिणींचं बोलणं बंद. रोज अर्धा घंटा फोन चाले, तो बंद. अन् मी? मी जेवताना खाली मान घालून वरण ओढत राहो. तोंड उघडलं तं खर्राबी बाहेर आला असता ना!

तं रविवारी सीट बसवली. सोमवारी चावी फिरवतो तं काय, समोर लाल दिवा! एक बसलेला माणूस अन् त्याच्या पोटापुढं मोठा गोल.

शोभा वाकून पाहे. "हे काय वं बाई? हा माणूस तं तुमीच दिसता. पोट पाहा ना!"

"एअरबॅगचा दिवा हाय," म्या म्हटलं. "हॉर्न खोलला ना, तेची वायर हालली असन. होते दोन दिवसांत बंद."

दोन दिवस गेले, दिवा काई गेला नाई. शोभानं मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यातला पोरगा सांगे, "एअरबॅगचा दिवा लागला तं सगळ्यात आंगोदर सीटखालचा पिवळा प्लग..."

म्या मोबाइलच वढून घेतला!

"काहून बंद केला?"

"डाटा संपते ना!"

आता तुमी मले सांगा, घरी वायफाय असताना डाटा कसा संपते? पण घाबरलेल्या माणसाले काई सुचत नाई.

त्यात आमच्या शेजाऱ्यानं शोभाले सांगतलं का, दिवा लागला म्हणजे एअरबॅग कवाबी फुटू शकते. चालता चालता धडाम! अन् नेमकं त्याच हप्त्यात रेखाच्या पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. रेखाचा नवरा स्वतः न्योता द्याले आला होता, म्हून शोभा दातओठ खाऊन तयार झाली. पण अट टाकली, "पयले अकोल्याले जाऊन दिवा दुरुस्त करा, मंग मी मांडवात पाय ठेवतो. मले काई साक्षगंधात विधवा व्हाचं नाई."

म्या ठरवलं, सकाळी उठून गुपचूप डबा काढून कडब्यात दडवाचा. सहा वाजता गाडीपाशी गेलो. शोभा नवी पैठणी नेसून आंगोदरच गाडीत बसेल होती! मांडीवर गजरे, अन् हातात उशी.

"उशी कायले?"

"तुमच्या छातीले बांधाले. फुटलीच तं उशीवर बसन."

तुमाले खोटं वाटन, पण चांदूर बाजारपासून बडनेऱ्यापर्यंत मी छातीले उशी बांधून गाडी चालवली. वरून फटफटीचं हेल्मेट! टोलवरच्या माणसानं इचारलं, "भाऊ, दवाखान्यात चालले का?" शोभा म्हणे, "नाई, साक्षगंधाले." त्यानं पावती द्याची सोडून अजून दोघांले बलावलं पाहाले.

रेखाच्या घराजवळच एक गॅरेज. मेकॅनिक पोक्त माणूस, चश्मा नाकावर. आमी पोचलो तं रेखा स्वतः तिथं उभी! शोभानं दिव्याचं तिच्या नवऱ्याले फोनवर सांगतलं होतं, त्यानंच तिले धाडलं. दोघी बहिणी चार हातांवर, अन् दोघी दोन दिशेले पाहत. मेकॅनिकनं यंत्र जोडलं, पडद्यावर पाह्यलं.

"ड्रायवर सीटखालचं कनेक्शन हाय, भाऊ. सीट काढा लागते."

"नाई!" मी वरडलो. "हॉर्न पाह्य तू. हॉर्नचा दोष हाय. झाकण म्या स्वतः खोललं होतं."

त्यानं चश्मा काढला. "तुमी खोललं? बॅटरीचं कनेक्शन काढलं होतं ना आंगोदर?"

"बॅटरी? ते कायले?"

त्यानं मले दोन्ही हात जोडले. "भाऊ, एअरबॅग त्या झाकणातच राह्यते. तुमी वाचले, हे तुमच्या बायकोचं नशीब."

शोभानं उशी छातीशी धरली. मी म्हटलं, विषय पलटला, बरं झालं. कायचं बरं! त्यानं पान्हा घेतलाच.

"सीटले हात नको लावू बावा! आताच बसवली, करकर करन वापस!"

"आवो, असं काय करून राह्यले?" शोभानं माह्याकडं पाह्यलं. पंचवीस वर्षांचा संसार हाय आमचा. त्या नजरेपुढं माहं काईच टिकत नाई. म्या बाजूले सरकलो.

चार बोल्ट निंघाले. सीट उचलली. पिवळ्या प्लगावर एक डबा दाबून बसेल होता, प्लग अर्धा निसटेल होता! मेकॅनिकनं डबा बाहेर काढला, झाकण उघडलं. खर्ऱ्याचा वास गॅरेजभर!

"हे काय हाय?" शोभा.

अन् मंग म्या माह्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं येडपट वाक्य बोललो. "गाडी सेकंडहँड हाय ना वं! पयल्या मालकाचं असन."

शोभानं पदर नाकाले लावला. मले वाटलं, निभलं! देवाचे उपकार मानून राह्यलो तेवढ्यात मेकॅनिकनं कपडा घेतला. डब्यावरचं ग्रीस पुसलं. चश्मा नाकावर चढवला. अन् मोठ्यानं वाचलं, "'सौ. शोभाताईस, वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट, रेखा.'"

मंग माह्याकडं पाहून इचारे, "काहून भाऊ, पयल्या मालकाच्या बायकोचं नावबी शोभाच होतं का?"

अरे बाप्पा! भांड्यावर नाव टाकाची रीत कोणी काढली असन, त्या माणसाले माहा कोपरापासून दंडवत! आमच्या घरात चमच्यालेबी नाव हाय, अन् मले हेच आठवलं नाई.

रेखा पयले हसली. मंग हसता हसता तिच्या डोयात पाणी आलं. "ताई, म्या म्हटलं होतं ना, देला म्हून? भाऊजीच्याच हाती देला होता."

शोभानं डबा घेतला, उलटा करून पन्न्या सगळ्या कचऱ्यात टाकल्या, अन् बहिणीच्या गळ्यात पडली. दोघी भर गॅरेजात रडून राह्यल्या, हसून राह्यल्या. खरं सांगू? इतकी लाज वाटत होती, तरी मले बम हलकं वाटलं. सहा महिन्यांपासून त्या डब्याचं ओझं सीटखाली नाई, माह्या मानेवर होतं.

मेकॅनिकनं प्लग दाबला. टक्! यंत्रावर बोट फिरवलं, दिवा गेला. मंग दोघी बहिणी एकदमच माह्याकडं वळल्या.

शिक्षा काय भेटली? तोच डबा घासून, त्यात बडीशोप भरून, पूर्ण साक्षगंधात पाहुण्याइले मी वाटली. छातीले उशी बांधून! रेखाची अट होती. नवरदेवाचा बाप चिमूटभर घेऊन म्हणे, "सीटखालची तं नाई ना, व्याहीबुवा?" बातमी माह्या आंगोदर मांडवात पोचली होती. मीबी हसलो मंग. काय करता!

खर्रा? सुटला बावा, खरोखर सुटला. सीटखाली आता हप्त्यातून दोनदा तपासणी होते.

पण पुरं आयका. पंधरा दिवसांनी शोभानं तो डबा माह्या हाती देला अन् अमरावतीले धाडलं, भांड्यावर नाव टाकणाऱ्याकडं. रेखाच्या नावाखाली दुसरी ओळ टाकाची होती: 'पिकअपच्या सीटखालून जप्त.' दोघी बहिणींनी फोनवर अर्धा घंटा बोलून ठरवलेली ओळ हे.

टाकणाऱ्यानं मशीन थांबवून इचारलं, "भाऊ, कोणाकडून जप्त, त्याचं नावबी टाकू का?"

म्या म्हटलं, "टाक बावा, माहं पूर्ण नाव टाक. उद्या हा डबा पुन्हा हरपला, तं आंगोदर कोणाची सीट काढाची, हे तरी समजन!"