चिंधी सोडायची न्हाई

आत्याचं सीताफळ मी मोडलं.

तेही नव्या गाडीचा रुबाब दाखवताना, रिव्हर्स घेत.

गेल्या वर्षीची गोष्ट. कडा गावातली पेंगुळलेली दुपार, साखर कारखान्याकडून येणारा मळीचा गोडसर वास, आणि आत्यानं बी टाकून वाढवलेलं कमरेएवढं रोप अंगणात आडवं.

"आत्या, मोडलं गं."

"मोडलं म्हनू न्हाई रे. वाढलं म्हनावं."

आपल्याकडं बांगडी फुटत नाही, वाढते. नारळही वाढवतात. पण झाडाला हा नियम लावणारी आत्या एकटीच.

तेव्हा ती बाजेवरून उठत नव्हती. डॉक्टरांनी "घरी न्या" सांगितलं होतं. त्याचा अर्थ तिला कळला नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

तरी तिनं बाज रोपाजवळ ओढायला लावली.

"साल पुरी तुटली का?"

"एका बाजूनं हाय जराशी."

"मंग जीव हाय त्यात."

तुराटीच्या दोन काड्या, जुन्या लुगड्याची चिंधी, वरून ओली माती. तिचे हात थरथरत होते, म्हणून बांधलं मी.

"लई आवळू नकू. अन् महिनाभर चिंधी सोडायची न्हाई. तुला बघायची लई घाई."

खरं होतं. लहानपणी तिनं असाच बांधलेला मोगरा, जुळला का बघायला, मी तिसऱ्या दिवशी सोडला होता. मोगरा गेला. ती मला एका शब्दानं बोलली नाही, ते अजून सलतं.

या वेळी रोज विचारायची, "पानं काय म्हनतेत?"

पानं गळत होती. मी "टवटवीत" म्हणायचो. ती डोळे मिटून हसायची. तिच्यापुढं माझी थाप कधीच पचली नाही.

विसाव्या दिवशी आत्या गेली.

अंगण माणसांनी भरलं. कुणीतरी म्हणालं, ते वाळकं रोप उपटा, बसायला जागा होईल.

"हात लावायचा न्हाई त्याला!"

मी मोठ्यानं ओरडलो. मग तिथंच बसून लहान पोरासारखा रडलो.

महिना भरला त्या सकाळी चिंधी सोडली.

सांध्यावर बोराएवढी गाठ आली होती. गाठीच्या वर एक हिरवा कोंब.

आत्या, हे तुला सांगायचं राहून गेलं. दहा दिवस थांबली असतीस तर थाप मारावी लागली नसती.

आज वर्ष झालं. झाड खांद्याला लागतंय. फोटो टाकत नाही, दृष्ट लागते म्हणायचीस.

परवा माझ्या लेकीनं गाठीवरून बोट फिरवत विचारलं, "पप्पा, इथं मोडलं होतं का?"

म्हटलं, "न्हाई बाळा. इथं वाढलं होतं."

नीज निवांत, आत्या.