कपाट जागचं हलणार नाही!

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या, कारण एकदा मी बोलायला लागलो की मध्ये कोणी तोंड घातलेलं मला चालत नाही. मी मात्र आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं मध्येच तोडत आलोय. या सगळ्या फजितीचं मूळ तेच!

मी तळोज्याच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात आहे. बावीस वर्षं झाली. विकणारा माणूस समोर बसला की माझ्या भुवया आपोआप वर जातात. तो म्हणाला, 'माल चांगला आहे', की मी समजतो, खराब आहे. तो म्हणाला, 'थोडा खराब आहे', की मी समजतो, चांगला आहे आणि याला दुसरं गिऱ्हाईक मिळालंय. म्हणजे तो काहीही बोलला तरी मी ऐकायचं नाही, अशी चोख व्यवस्था!

तर आम्हाला घर घ्यायचं होतं. पनवेलात आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही, आणि आईचे गुडघे गेलेले. सहा महिने ती खाली उतरली नव्हती. गॅलरीतून खालच्या भाजीवाल्याशी भांडायची, तेवढाच तिला व्यायाम. तिला तळमजल्यावर स्वतःची खोली द्यायची, एवढं एकच माझ्या आणि मेधाच्या, म्हणजे बायकोच्या, डोक्यात होतं.

सुकापूरला मिळाला हो तसा फ्लॅट! मालक हिराजीशेट, तिथलेच आगरी गृहस्थ. त्यांच्या जमिनीवर बिल्डिंग उभी राहिली, त्यात हा फ्लॅट त्यांच्या वाट्याला आलेला. आवाज असा की कानात सांगितलेलं कोपऱ्यावरच्या टपरीवर ऐकू जावं. आईसाठी जी खोली आम्ही मनात धरली, तिथे एक कपाट होतं. काय कपाट! भिंतभर रुंद, छतापर्यंत उंच, सागवानी, पितळेच्या कड्या. ते पाहिलं आणि माझी नियतच फिरली. कपाट घरासोबत मिळणार असेल तरच व्यवहार, असं मी सांगून टाकलं. हिराजीशेट लगेच 'हो' म्हणाले. लगेच 'हो'! मला तिथेच संशय आला.

मग मी घर तपासून देणारा माणूस बोलावला. ऑफिसात कोणीतरी सांगितलं होतं की हल्ली असे लोक मिळतात, घराच्या अंगात काय दुखणं लपलंय ते शोधून देतात. प्रधान म्हणून पन्नाशीचे गृहस्थ आले. भिंतीतली ओल मोजायचं यंत्र, उष्णता दाखवणारा कॅमेरा, लाद्या ठोकायची काठी, असा सगळा सरंजाम. दारातच म्हणाले, "सर, एक आधी सांगतो. जे समोर दिसतं तेवढंच आम्ही तपासतो. फोडाफोडी करत नाही. सामानही आम्ही हलवत नाही, पण मालकांनी हलवून दिलं तर..."

"हो हो, या आत," मी म्हटलं. पाहिलंत? इथेही मध्येच!

दोन तास ठाकठूक चालली. मी हात मागे बांधून त्यांच्या मागोमाग, जणू यंत्र मीच बनवलंय. शेवटी आईच्या खोलीत आलो, तर हिराजीशेट पुढे झाले.

"सायेब, थांबा. ह्या कपाट आपन सरकवू या. मागं बगा जरा."

माझ्या भुवया वर! कपाट एकदा जागचं हललं की दारात, दारातून टेम्पोत, टेम्पोतून यांच्या घरी! बावीस वर्षांचा अनुभव आहे माझा.

"कपाट जागचं हलणार नाही!" मी म्हटलं.

"अवो, पन त्याच्या मागनं..."

"हिराजीशेट, कपाट घरासोबत ठरलंय."

"कपाट तुमचाच हाय ओ! त्याचं कोन बोलतंय? मी म्हंतो, फुडून सागवान हाय, पन मागं..."

"मागे-पुढे काही नाही. विषय संपला!"

प्रधान विजेरी हातात धरून आम्हा दोघांकडे बघत होते. "सर, मालक तयार आहेत. पाच मिनिटांचं काम आहे."

"तुम्ही बाकीचं बघा," मी म्हटलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, माझ्या धोरणीपणाची नोंद करतायत.

आठवड्याने रिपोर्ट आला. बेचाळीस पानं! पहिल्याच पानावर लिहिलेलं, घराची एकंदर स्थिती चांगली. झालं! मी ते पान सगळ्या नातेवाइकांना पाठवलं आणि फाइल कपाटात, म्हणजे जुन्या घरातल्या कपाटात, ठेवून दिली. ऑफिसात मी कोटेशनवरचं मुंगीएवढं अक्षरही सोडत नाही. पण इथे मनासारखं लिहिलं होतं ना, मग पुढे कशाला वाचायचं?

दोन दिवसांनी हिराजीशेटचा फोन. "सायेब, म्हातारे आईला त्या खोलीत नका झोपवू. आधी मानसं आनतो, कपाट..."

मी फोन ठेवला.

"अहो, काय म्हणत होते?" मेधाने विचारलं.

"दुसरं गिऱ्हाईक आलंय. आपल्याला घाबरवून पळवून लावायचंय."

"ऐकून तरी घ्यायचं होतं."

"मेधा, बावीस वर्षं मी हेच करतोय."

"तेच तर म्हणतेय मी," ती म्हणाली आणि आत गेली.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी तर मी कळसच केला. करारात स्वतःच्या हुशारीने एक कलम घालून आणलं होतं: सागवानी कपाट आहे त्या जागी, आहे त्या स्थितीत खरेदीदाराने पसंत केले आहे. हिराजीशेटनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"आहे त्या स्थितीत? नक्की?"

"नक्की!"

"अवो वकीलसायेब, तुमी तरी सांगा यांना."

वकीलसाहेब चहात बिस्कीट बुडवत होते आणि ते तुटून आत पडायच्या बेतात होतं. त्यांचं सगळं लक्ष तिकडे. हिराजीशेटनी मला कोपरापासून हात जोडले आणि सही केली. मी छाती फुगवून बाहेर आलो.

सामान हलवायचा दिवस उजाडला. आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी तीन मजले खाली आणलं. वाटेत प्रत्येक दाराशी हात हलवत होती, निवडून आल्यासारखी! सुकापूरला तिच्या खोलीत खिडकीशी बसवलं. बाहेर जास्वंद होती. तिने हात लांब करून पानाला शिवून पाहिलं आणि म्हणाली, "माझी खोली." मला भरून आलं हो, खोटं कशाला बोलू?

आणि त्या भरात मी म्हटलं, "आई, आता तुझं कपाट बघ!" ऐटीत पितळी कडी ओढली.

दार माझ्या हातात आलं. कडीसकट, अख्खं! मग उरलेलं कपाट थोडं पुढे झुकलं, जरा थांबलं, आणि बसलं खाली. हो, बसलंच! पुढून सागवान होतं, अगदी खरं. मागे प्लायवूड, म्हणजे कधीकाळी असावं, आता नुसती माती. वाळवी! भिंतीवर छतापर्यंत मातीच्या नळ्या. खिडकीच्या लाकडी चौकटीची जी बाजू कपाटाआड होती, तिला मी बोट लावलं, बोट आत गेलं.

खोकत खोकत आईची खुर्ची हॉलमध्ये ओढली. "खोली किती वेळ माझी होती रे?" तिने विचारलं. "दहा मिनिटं झाली का?" माझा चेहरा पडला. आजही ते आठवलं की घास उतरत नाही.

पण तेव्हा शरमेच्या आधी संताप आला. हिराजीशेट निरोप मिळताच आले, एक अक्षरही लावून बोलले नाहीत. बोलले ते एवढंच, "तुमीच लिवून घेतलं ना, सायेब. उद्या सकाळी औषदवाले आनतो. मयन्याभरात आईची खोली तयार." दुसऱ्या दिवशी खरंच घेऊन आले, वर सुनेच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. आता या माणसावर काय चिडणार?

मग राहिले प्रधान. त्यांना सोडायचं नाही! फोन स्पीकरवर टाकला, घरातल्या सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"प्रधान, तुमची यंत्रं काय शोभेची आहेत? अख्खी खोली पोखरलेली, आणि तुम्हाला दिसलं नाही?"

पलीकडून शांत आवाज आला, "सर, पान सतरा वाचलंत का?"

मेधाने फाइल शोधून काढली. इंग्रजी होतं, आईसाठी मराठीत करून मोठ्याने वाचलं: "कपाटामागची भिंत तपासता आली नाही. तिथे वाळवी असण्याची शक्यता नाकारता येत नाही. मालक कपाट हलवायला तयार होते. अडथळा: खरेदीदार."

आईला कमी ऐकू येतं. तिने विचारलं, "काय गं, दोष नक्की कुठे निघाला म्हणतात?"

मेधाने नुसतं माझ्याकडे बोट केलं.

आईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, "हा होय! हा तर मला अठ्ठेचाळीस वर्षं ठाऊक आहे. एवढ्यासाठी यंत्रवाला कशाला बोलावलात?"