मोठीची चकचकीत गोळी

मोठी आणि धाकटी या सख्ख्या मावसबहिणी. मोठी जेमतेम काही महिन्यांनी मोठी, पण घरच्यांना तेवढं पुरलं आणि नाव कायमचं चिकटलं. औषधनिर्माणशास्त्राची पदवी दोघींनी एकत्र घेतली, एम.फार्म.लाही एकाच विभागात शिरल्या आणि आता एकाच प्रयोगशाळेत, एकाच ओट्याच्या दोन टोकांना उभ्या राहून गोळ्या बनवत होत्या. ओटा चांगला लांबलचक होता. मोठीला तो कमीच पडायचा.

कारण धाकटीचं सगळं आपोआप व्हायचं. दिवसभर पावडरीत लोळूनही तिचा एप्रन जाहिरातीतला वाटायचा. मोठीचा बघून वाटायचं, हिला कुणीतरी पिठाच्या डब्यात बुडवून काढलंय. वर धाकटी लवकर आटोपून विचारायची, "ताई, तुझं झालं का गं?" त्या 'गं'वर साखरेचं कोटिंग असायचं. आतलं कडू फक्त मोठीच्या जिभेला लागायचं.

घरी गेलं की आई तयारच. "तुझी मावशी सांगत होती, धाकटी म्हणे सरांचा उजवा हात आहे. आणि तू?"

"डावा."

"डावा तर डावा, पण कुणाला दिसू दे तरी!"

त्यात सरांनी ठिणगी टाकली. त्यांच्या नव्या औषधाच्या संशोधनात एम.फार्म.नंतर एक जागा निघणार होती. सर कपाळ चोळत म्हणाले, "काय आहे ना, जागा एक आहे. आणि काय आहे ना, तुम्ही दोघी आहात. मार्क सारखे, हजेरी सारखी. तेव्हा काय आहे ना, गुरुवारी दोघींच्या गोळ्या पाण्यात सोडू. जिची नीट विरघळेल ती माझ्याकडे."

मोठीला ती जागा हवी होती. नोकरी म्हणून हवी होतीच, पण त्याहून जास्त ती धाकटीला मिळायला नको होती.

बुधवारी धाकटीच्या गोळ्या ट्रेमध्ये मांडलेल्या होत्या. गुळगुळीत, एकसारख्या. मोठीच्या गोळ्यांची पावडर यंत्राच्या साच्याला चिकटत होती, त्यामुळे एकेकीच्या गालावर मुरमांचे व्रण राहावेत तसे खड्डे. सर येऊन गेले. धाकटीच्या ट्रेपाशी म्हणाले, "वा! काय आहे ना, बघत राहावंसं वाटतं." मोठीच्या ट्रेपाशी म्हणाले, "हं."

त्या 'हं'वर मोठीचं जेवण गेलं.

तिनं नवा घाणा काढला. साच्याला पावडर चिकटू नये म्हणून अगदी शेवटी मॅग्नेशियम स्टिअरेट घालतात. बोटांत धरलं तर मेणासारखं बुळबुळीत. ते घालून मिश्रणाचा डबा यंत्रावर थोडासाच फिरवायचा असतो. जास्त फिरवलं तर हा मेणचटपणा प्रत्येक कणावर चढतो आणि पाणी आत शिरत नाही. मोठीनं परीक्षेत यावर पानभर उत्तर लिहिलं होतं, आकृतीसकट.

डबा फिरायला लागला. ती बंद करायला हात पुढे करणार, तेवढ्यात पलीकडे धाकटी गुणगुणायला लागली. मोठीनं हात मागं घेतला. फिरू दे जरा. धाकटीनं आपल्या ट्रेचा फोटो काढला. अजून जरा. मग फोनवर हळूच कुणाला तरी "हो गं आई, छानच आल्यात" म्हणाली. आता तर फिरूच दे!

गोळ्या बाहेर पडल्या त्या मोत्यासारख्या. किंचित नरम वाटल्या म्हणून मोठीनं साच्याचा दाब वाढवला, तशा टणक झाल्या. धाकटी धावत आली.

"अय्या ताई! कसल्या चकाकतायत! काय केलंस?"

"काही नाही. हाताचा गुण," मोठी म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिला पोटभर भूक लागली. पाण्यात एखादी सोडून बघावी, हे मात्र डोक्यात आलं नाही. चमकतेय ना? मग झालं.

गुरुवारी दोन काचपात्रांत पोटातल्यासारखं कोमट, आंबट पाणी. त्यात ढवळणाऱ्या यंत्राची छोटी वल्ही गोल गोल फिरत होती. दोघींनी आपापली गोळी सोडली. धाकटीची तळाला बसली, फुगली, कडेनं सुटली आणि धुक्यासारखी पसरून गेली. मोठीची तळाला बसली. आणि बसलीच. पाहुणा सोफ्यावर बसतो तशी.

सरांनी चष्मा वर केला, खाली केला. "काय आहे ना... ही विरघळत का नाही?"

धाकटी चटकन म्हणाली, "सर, यंत्र बिघडलं असेल. ताईला परत एकदा करू द्या ना."

मोठीची कानशिलं तापली. गोळी हिची चांगली, आणि वरून मनही हिचंच मोठं? ते मात्र मोठी चालू देणार नव्हती.

"यंत्र ठीक आहे, सर. स्टिअरेट मीच जास्त फिरवलं."

"का?"

"चमक यावी म्हणून."

सर हसले नाहीत, हेच वाईट. "काय आहे ना," ते हळू आवाजात म्हणाले, "पेशंट गोळी बघत नाही बसत, गिळतो." जागा धाकटीला गेली. धाकटीनं मिठी मारली, आणि मोठीनं लाकडासारखं उभं राहून ती सोसली.

घरी आई दारातच. "काय झालं?"

"धाकटीची गोळी पाण्यात विरघळली," मोठी चप्पल भिरकावत म्हणाली. "माझी नाही विरघळली."

ती आत जाऊन पलंगावर पडली. बाहेर आईनं मावशीला फोन लावलेला ऐकू आला.

"अगं, कळलं मला! वाईट नको वाटून घेऊस. तुझीची पाण्यात पडल्या पडल्या विरघळली म्हणे! ... आमचीची? नाही बाई! अजून तश्शी आहे, अख्खी!"

पलीकडे मावशी गप्प झाली असावी, कारण आईचा आवाज आणखी चढला. "मजबूत काम असतं गं आमच्या मोठीचं, पहिल्यापासून!"

उठून खरं सांगायला हवं होतं. मोठीनं उशी डोक्याखाली नीट केली, आणि मावशी अजून गप्पच आहे का, ते कान देऊन ऐकत राहिली.