चुना मारलेले ढीग

तुमच्या वाटेत खड्डा आहे आणि तो बुजवायचा दगड त्याच्या काठावरच रचून ठेवलेला आहे. तुम्ही काय कराल? उचलाल ना? मग तुम्हीही आमच्या गावासारखेच गुन्हेगार.

महागावाहून आमच्याकडे येणाऱ्या सडकेवरची मोरी भादव्यात अर्धी वाहून गेली. त्या दिवसापासून एसटी नाल्याच्या पलीकडूनच माघारी फिरू लागली. तिथून गाव तीन मैल. म्हातारे, बाळंतिणी, सगळे पायी. चार वर्षांत नकाशावर आमचं राज्य दोनदा बदललं होतं. मोरी मात्र कोणत्याच राज्याच्या नजरेला पडली नव्हती.

दिवाळीनंतर बांधकाम खात्यानं गावच्या खदानीतला दगड आणवून मोरीच्या आमच्या बाजूला सहा ढीग रचले. ढीग चौकोनी, वरून चुन्याची रेघ. रेघ मोडली म्हणजे चोरी झाली. ओव्हरसियर येऊन फीत लावून मोजत नाहीत, तोवर एक दगड हलवायचा नाही असा नियम. राखण मैलकुलीकडे. सडकेचा तेवढा एक मैल त्याच्या ताब्यात होता. तांड्यावरचा माणूस, खाकी सदरा, छातीला पितळी बिल्ला. बारा वर्षांच्या रोजंदारीनंतर तो त्या वर्षी कायम होणार होता.

"काका, टाका ना चार गोटे खाली," मी त्याला म्हणालो.

"चुना मारेल हाये, बाबू. साहेबाची फीत लागल्याबिगर हात लावला त माह्या पोटावर पाय."

"मंग साहेब कवा येते?"

"जीपले रस्ता झाला का येते."

"अन् रस्ता कवा होते?"

"साहेब आला का!" तो स्वतःच हसला. मला हसू आलं नाही. नाला उतरून चार पावलं चालत यायला साहेबांना पाय नव्हते काय?

पौषात कापसाची गाडी त्या खड्ड्यात कलंडली आणि बैलाचा पाय मोडला. बैल हंबरत होता. गाडीवाला मैलकुलीवर धावून गेला. "काय राखून राह्यला बे? घे, आता माह्या बैलाले फीत लाव!"

पहिला दगड मी उचलला. घरी येणाऱ्या चळवळीच्या पत्रकांवर मी वाचायला शिकलो होतो. नियम माणसासाठी असतात, हे मी तिथं मोठ्यानं बोललोही. मग घमेली घेऊन गाव आलं. आम्ही दगड वाटेल तसे फेकत होतो. मैलकुली थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं बिल्ला काढून खिशात टाकला आणि खड्ड्यात उतरला.

"सरका! असे फेकता काय? उद्याच बसन थे. मोठा गोटा खाली. पान्याले फट ठेवा."

दिवस मावळायच्या आत मोरी गाडीजोगी झाली. तिसऱ्या दिवशी एसटी गावात आली.

आठव्या दिवशी जीप आली. आमच्याच दगडांवरून, एकही धक्का न खाता. ओव्हरसियरांनी उतरून फीत लावली. सहा ढिगांचे साडेतीन भरले.

"रेघ कोणी मोडली?"

"आम्ही!" मी हात वर केला. माझ्यामागं सगळ्या गावानं केला. "दगड तुमच्या जीपच्या चाकाखाली आहेत, साहेब. मागं वळून पाहा."

त्यांनी वळून पाहिलं नाही. "गावाला मी कामावरून काढू शकत नाही," ते म्हणाले. "याला काढू शकतो. बिल्ला दे रे."

त्यानं खिशातून बिल्ला काढून दिला.

माझा हात वर करणं फुकटचं होतं, हे मला तेव्हा कळलं. माझ्याकडून काढून घेण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं. मी दोन अर्ज केले. उत्तर एकाचंच आलं: ढिगांतील तुटीची चौकशी चालू आहे. चौकशी कसली? तूट मोरीत बसली आहे, रोज तिच्यावरून एसटी जाते! आणि ती बसवणारा माणूस आता खदानीत त्याच खात्यासाठी दगड फोडतो.

महागावाच्या बाजाराला जाताना तुम्ही ही मोरी ओलांडली असेल, तर खात्याला एक पोस्टकार्ड टाका. लिहा, खड्डा भरलेला आहे, मी त्यावरून गेलो, भरणाऱ्याला कामावर घ्या. आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहा.