दिनकरभाऊंच्या ॲम्पचा बसलेला आवाज

"ताई, आवाज बसलाय," दिनकरभाऊ म्हणाले. त्यांचा घसा ठणठणीत होता. बसलेला आवाज त्यांच्या गिटारच्या ॲम्प्लिफायरचा होता. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि टेबल कुरकुरलं.

दोन हजार दोनच्या सुमाराची गोष्ट. वडिलांनंतर नाशिकमधलं त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान मी चालवत होते. दिनकरभाऊ मखमलाबादचे. घरची शेती झेंडू-शेवंतीची आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार. गोव्याच्या एका हॉटेलने काढून टाकलेला हा व्हॉल्व्हचा ॲम्प त्यांनी हौसेने आणला होता. व्हॉल्व्ह म्हणजे काचेची नळी. ती तापली की गिटारचा बारीकसा सिग्नल मोठा करते. रेडिओतून या नळ्या कधीच गेल्या, गिटारवाले मात्र त्यांना अजून सोडायला तयार नाहीत.

दसऱ्याच्या आधी भाऊंनी तो नळ्या बदलायला माझ्याकडे टाकला होता. झेंडूच्या तोडणीत त्यांना गिटारकडे बघायला फुरसत नसते. दसरा झाल्यावर घेऊन गेले, आणि आठवड्याभरात परत हजर.

"कधीपासून असं होतंय?" मी विचारलं.

"तुमच्याकडून नेला तवापासून."

हे वाक्य कुठल्याच मेकॅनिकला आवडत नाही. नळ्या बदलल्यावर मी तो व्यवस्थित वाजवून बघितलाय, असं जरा फणकाऱ्यानेच सांगितलं. भाऊंनी गिटार लावून व्हॉल्यूम पूर्ण फिरवला. खिशातल्या ट्रान्झिस्टरएवढा आवाज आला.

रविवारी त्यांची रिहर्सल होती. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी आधीच ऐकवलं होतं, की आता कीबोर्डमधूनही गिटार निघतं, आणि भाऊ, तुमचा ॲम्प नाही, कानच गेलेत. रविवारपर्यंत ॲम्प बोलला नाही तर भाऊंची खुर्ची जाणार होती.

पहिला संशय नव्या नळ्यांवर. जुन्या लावून बघितल्या, फरक शून्य. मग मागचं झाकण काढलं. या यंत्रात चारशे व्होल्ट फिरत असतात, आणि स्विच बंद केला तरी कॅपॅसिटर ते धरून बसतात. म्हणून आत हात घालण्याआधी ते रिकामे करायचे आणि चालू करून मोजताना एक हात पाठीमागे ठेवायचा, म्हणजे झटका छातीतून जात नाही, ही वडिलांची शिस्त. एका हाताने सगळे व्होल्टेज मोजले. सगळे बरोबर. स्पीकर बदलून बघितला. तोही निर्दोष.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी भाऊ आले तेव्हा मी वैतागलेली होते. नको ते बोलून गेले.

"भाऊ, मीटर सगळं बरोबर दाखवतोय. एकदा कान दाखवून घ्या ना."

ते स्टुलावर बसले, गिटार मांडीवर घेतलं आणि तारा जुळवू लागले. मान न उचलताच म्हणाले, "शेजारच्या शिंपीदादांच्या मशीनचा पट्टा बघायला सांगा. दर फेरीला टक् करतोय. लय दिवस टिकायचा नाय."

मला फक्त मशीनची घरघर ऐकू येत होती. उठून बघून आले. पट्ट्याची पिन खरंच वर आली होती, फेरीगणिक चाकाला लागत होती. या माणसाचे कान गेले असतील, तर माझे कधी आलेच नव्हते.

म्हणजे ॲम्पच खोटं बोलत होता. मी तो पालथा घातला आणि ज्यांना हात लावला नव्हता, त्या मागच्या दोन भोकांकडे बघितलं. एकावर लिहिलेलं सेंड, दुसऱ्यावर रिटर्न. इको वगैरेचा डबा जोडायचा असेल, तर एकातून आवाज बाहेर जातो आणि दुसऱ्यातून परत येतो. डबा नसेल, तर आतली पत्र्याची एक पट्टी टेकलेली राहते आणि आवाज सरळ पुढे जातो. भाऊंकडे असला डबा नव्हता, म्हणून मी तिकडे फिरकलेच नव्हते.

एक छोटी केबल घेऊन दोन्ही भोकं जोडली आणि भाऊंना तार छेडायला सांगितली. असा दणका आला, की शेजारी शिंपीदादा कात्री टाकून उभे राहिले. केबल काढली, आवाज पुन्हा बसला. चोर त्या पट्टीपाशी होता. बॅटरीच्या उजेडात आत काहीतरी लालसर दिसलं. चिमट्याने हळूच ओढलं.

तांदळाचा दाणा. कुंकवात माखलेला.

मी त्याला लगेच ओळखलं. दसऱ्याला दुकानातल्या सगळ्या वस्तूंची मी पूजा करते. भाऊंनीच झेंडूची पाटी आणून दिली होती आणि आमच्या ॲम्पलाही दोन फुलं वाहा, असं सांगितलं होतं. फुलं घसरू नयेत म्हणून मी ॲम्प पालथा ठेवला, पाठ वर करून. मग सगळ्यांवर मूठभर अक्षता. ओला दाणा भोकातून थेट पट्टीखाली गेला. पट्टी धड टेकेना, आवाज नुसता पाझरत राहिला. आणि पूजेनंतर मी तो न वाजवताच देऊन टाकला होता.

दाणा मुठीत होता. कॉन्टॅक्टला गंज होता म्हटलं असतं, तर कुणाला कळलं नसतं. पण कानांचं बोललेलं आठवलं आणि मला फार लाज वाटली. दाणा भाऊंच्या तळहातावर ठेवला, सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

त्यांनी दाणा उजेडात धरून फिरवून बघितला.

"ताई," ते म्हणाले, "पूजा लय मनापासून केली हो तुम्ही."

रविवारी रिहर्सलला मालकांनी त्यांना दोनदा आवाज कमी करायला सांगितला. हे सांगायला ते सोमवारी मुद्दाम येऊन गेले. मी यातून एवढंच शिकले, की कधीपासून बिघडलं हे गिऱ्हाइकाला विचारावं, आणि त्याने सांगितलं तर ऐकावंही.

पुढच्या दसऱ्याला भाऊ झेंडूची पाटी घेऊन आले. बरोबर ॲम्पही होता. काय बिघडलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, काहीच नाही, पूजेला आणलाय. मी तो पालथा घातला. मागच्या प्रत्येक भोकावर व्यवस्थित कापून चिकटपट्टी लावलेली होती.

"आता टाका अक्षता," भाऊ म्हणाले.